अंबर अर्थात अग्निजार : शास्त्र, आयातीचे नियम आणि वैद्याचे उत्तरदायित्व



वन्यजीव संरक्षणाचा कायदा म्हटला की आपल्या जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट उभे राहते. समुद्र आपल्यापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे. त्यामुळे देवमाशासारख्या सागरी प्राण्याविषयीचे नियम आपल्या चिकित्सालयापर्यंत कधी पोहोचतील, असे आम्हालाही वाटले नव्हते. एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले. तो प्रसंग आणि त्यानंतर केलेल्या अभ्यासाचे सार या लेखात मांडत आहोत.

काही वर्षांपूर्वी श्रीगोंदा तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ हृद्दौर्बल्यासाठी आमच्याकडे चिकित्सा घेत होते. त्यांना जवाहरमोहरा देताना, ‘अस्सल अंबर घातलेला मिळाला तर अधिक उत्तम’, असे आम्ही बोलून गेलो आणि चिठ्ठीवरही तसे लिहिले. त्यांचा मुलगा आखाती देशात नोकरीस होता. दोन आठवड्यांनी त्याचा दूरध्वनी आला. ‘‘डॉक्टरसाहेब, इथे अत्तरवाल्याकडे अंबर मिळतो. दोन तोळे घेऊन येऊ का? परवाचे विमान आहे.’’ आम्ही त्याच्याकडून एक दिवस मागून घेतला. त्या एका दिवसात एका वकील स्नेह्यांकडून व वनखात्यातील एका परिचितांकडून जे समजले, त्याने आम्ही हादरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कळविले, ‘‘काहीही आणू नका.’’ मुलाने ऐकले, म्हणून बरे झाले. तो ते दोन तोळे घेऊन विमानतळावर उतरला असता, तर पित्याच्या औषधासाठी धडपडणारा एक निरपराध तरुण गुन्हेगार ठरला असता, आणि त्याच्या खिशातील चिठ्ठी आमच्या हस्ताक्षरातील असती.

अंबर म्हणजे नेमके काय?

वृत्तपत्रांत या द्रव्याला ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणतात. या शब्दप्रयोगात दोन चुका आहेत. व्हेल हा मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. आणि अंबर ही सर्वसाधारण अर्थाने उलटीही नव्हे. स्पर्म व्हेल या दात असलेल्या महाकाय देवमाशाचे मुख्य अन्न म्हणजे माकूळ व तत्सम प्राणी. त्यांच्या कठीण चोची पचत नाहीत. काही थोड्या देवमाशांच्या आंत्रात त्या चोचींभोवती मेदसदृश स्राव साठत जाऊन गोळा तयार होतो. तो पुरीषमार्गाने बाहेर पडतो किंवा प्राण्याच्या मृत्यूनंतर मोकळा होतो, असे आज मानले जाते. ताजा गोळा काळा, मऊ व दुर्गंधी असतो. खारे पाणी, ऊन व वारा यांच्या दीर्घ संस्काराने तो करडा, हलका व सुगंधी होतो. यालाच जुने वैद्य व हकीम ‘अंबर अशहब’ म्हणत.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्या किनाऱ्यावर कधी कधी देवमासे वाहून येतात. २०१५ साली रेवदंडा येथे निळा देवमासा आला होता, २०२३ साली गणपतीपुळे येथे देवमाशाचे पिल्लू आले होते. अशा वेळी ‘आता अंबर सापडेल’ अशी चर्चा सुरू होते. परंतु निळ्या देवमाशाला दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असतात व त्याच्या शरीरात अंबर तयार होत नाही. अंबर हे प्रामुख्याने स्पर्म व्हेलचेच द्रव्य आहे.

दुसरा गोंधळ नावाचा आहे. कहरवा किंवा तृणकांतमणी म्हणजे प्राचीन वृक्षांचा अश्मीभूत निर्यास. इंग्रजीत त्याला ‘अँबर’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी ‘अंबर’ या शब्दावरूनच आलेला असल्याने दोन अत्यंत भिन्न द्रव्ये एकाच नावाने ओळखली जातात. कहरवा हे वन्यप्राण्याचे द्रव्य नाही. पण पावतीवर नुसते ‘अंबर’ असे लिहिलेले असेल, तर ते कहरवाच आहे हे पटवून देण्याची वेळ आपल्यावर येऊ शकते.

ग्रंथोक्त अग्निजार

रसवाग्भटांच्या रसरत्नसमुच्चयात साधारण रसांच्या गणात अग्निजाराचा समावेश आहे. कंपिल्लक, गौरीपाषाण, नवसादर, कपर्द, हिंगुळ इत्यादींच्या पंक्तीत तो येतो. अग्निनक्र नामक सागरी प्राण्याची जरायू समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावर फेकली जाते व सूर्यतापाने शुष्क होते, तोच अग्निजार, असे त्याचे वर्णन आहे. तो त्रिदोषघ्न व धनुर्वातादी वातविकारांवर उपयुक्त म्हटला आहे. समुद्राच्या क्षाराने तो आपोआप शुद्ध होतो, म्हणून त्याचे वेगळे शोधन सांगितलेले नाही.

आधुनिक काळातील अनेक ग्रंथकारांनी अग्निजार म्हणजेच अंबर असे मानले आहे. तथापि ग्रंथात जरायू म्हटले आहे आणि अंबर हे तर आंत्रात तयार होते. त्यामुळे या ओळखीविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या द्रव्याची ओळखच निर्विवाद नाही, त्यासाठी ‘शास्त्रात सांगितले आहे’ हा आधार घेऊन कायद्याशी वाद घालणे कितपत शहाणपणाचे?

प्रत्यक्ष व्यवहारात अंबर आपल्याकडे मुख्यतः युनानी वैद्यकाच्या संपर्काने रूढ झाला. जवाहरमोहरा, याकूती यांसारख्या कल्पांत तो कस्तुरी, अबरेशम, माणिक्य, मोती इत्यादींच्या जोडीने येतो.

आंतरराष्ट्रीय नियम

वन्य प्राणी व वनस्पती यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा ‘सायटिस’ हा करार १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. त्याच्या परिशिष्ट १ मध्ये ज्यांचा व्यापारी हेतूने व्यापार करता येत नाही अशा प्रजाती आहेत. स्पर्म व्हेल त्यात आहे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकारीवर घातलेली बंदी १९८६ पासून लागू झाली. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेल व मेण यांसाठी या प्राण्याची जी अमाप हत्या झाली, तिची ही पार्श्वभूमी आहे.

मात्र या करारात एक बारकावा आहे आणि विक्रेते त्याचाच आधार घेतात. २०१३ साली बँकॉक येथील परिषदेत सुधारलेल्या ठरावानुसार, प्राण्याला हात न लावता मिळालेली मूत्र, पुरीष व अंबर ही टाकाऊ द्रव्ये कराराच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच ब्रिटनसारख्या देशात किनाऱ्यावर सापडलेला अंबर उचलता व विकता येतो, आणि परदेशी विक्रेते ‘हे कायदेशीर आहे’ असे निःशंकपणे सांगतात. त्यांचे म्हणणे त्यांच्या देशापुरते खरे असते.

परंतु याच कराराच्या चौदाव्या अनुच्छेदाने प्रत्येक सदस्य देशाला आपल्या भूमीवर अधिक कडक नियम करण्याचा अधिकार दिला आहे. अनेक देशांनी तो वापरला आहे. अमेरिकेत १९७२ चा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा व १९७३ चा संकटग्रस्त प्रजाती कायदा यांमुळे अंबर बाळगणेही निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातही त्याच्या आयात-निर्यातीवर बंदी आहे. आपल्यापैकी अनेकांचे रुग्ण मुलांकडे अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात जाऊन राहतात व आपण त्यांना औषधे बांधून देतो. त्या पुडीत अंबरयुक्त कल्प असेल, तर आपण त्या वृद्ध रुग्णाला परक्या देशाच्या सीमेवर संकटात टाकतो, हे ध्यानात असावे.

भारतातील कायदा

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. स्पर्म व्हेल पूर्वी दुसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या सुधारणेने अनुसूचींची पुनर्रचना झाली. ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून आता हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ व हत्ती यांच्या पंक्तीत आहे. या अनुसूचीतील प्राण्याच्या वस्तूसंबंधी गुन्हा सिद्ध झाल्यास किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद कलम ५१ मध्ये आहे. कलम ४९-ब अन्वये अशा प्राण्यांपासून केलेल्या वस्तूंच्या निर्मितीचा व विक्रीचा व्यवसाय निषिद्ध आहे. कलम ५७ तर विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अशी वस्तू आपल्या ताब्यात आढळली, तर ताबा बेकायदेशीर आहे असे गृहीत धरले जाते व तो कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

आयातीच्या बाबतीत याला सीमाशुल्क अधिनियम, १९६२ ची जोड मिळते. कोणत्याही कायद्याने निषिद्ध असलेली वस्तू देशात आणल्यास कलम १११ अन्वये ती जप्तीस पात्र ठरते आणि आणणाऱ्यावर स्वतंत्र कारवाई होऊ शकते. वस्तू प्रवाशाच्या सामानातून आली, टपालाने आली की कुरिअरने आली, याने काही फरक पडत नाही. प्रवाशाला मिळणारी शुल्कमाफीची सवलत निषिद्ध वस्तूंना नसते. ‘स्वतःच्या औषधासाठी आणले, विकण्यासाठी नव्हे’ हे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही.

आणखी एका गैरसमजाचा उल्लेख करतो. सीमाशुल्काच्या दरसूचीत ०५१० या शीर्षकाखाली अंबर, कस्तुरी, जवादी इत्यादींची नावे आहेत. काही जण हे दाखवून म्हणतात, ‘सरकारच कर लावते, मग बंदी कशी?’ दरसूची ही जगातील सर्व वस्तूंचे वर्गीकरण करणारी यादी आहे. तीत नाव असणे म्हणजे परवानगी नव्हे. कस्तुरीचेही नाव तेथेच आहे, आणि कस्तुरीमृगाच्या कस्तुरीची स्थिती काय आहे हे आपण सारे जाणतो.

महाराष्ट्रात २०२१ पासून मुंबई, ठाणे, पुणे व कोकणपट्टीत अंबर बाळगल्याचे अनेक गुन्हे या कायद्यान्वये नोंदविले गेले आहेत. किलोमागे कोटींच्या किमती ऐकून सामान्य माणसे दलालांच्या जाळ्यात सापडतात. प्रत्यक्षात या मालात मेण, राळ इत्यादींचे नकली गोळेही फिरतात. म्हणजे पैसा जातो, द्रव्यही खोटे निघते आणि गुन्हा मात्र खरा लागतो.

‘हे तर टाकाऊ द्रव्य’ हा युक्तिवाद

आमच्या एका समव्यवसायी मित्रांनी आक्षेप घेतला की, अंबरासाठी प्राणी मारावा लागत नाही, ते आपोआप किनाऱ्यावर येते, मग त्यात हिंसा कोठे? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. पण आपल्या परिचयाच्याच एका द्रव्यावरून त्याचे उत्तर मिळते. हिक्का व छर्दी यांवर आपण मयूरपिच्छ मषी वापरतो. मोरही पहिल्या अनुसूचीत आहे. तरीही गळलेल्या पिसाऱ्याची पिसे देशांतर्गत वापरता येतात, कारण कायद्याने मोराच्या पिसाऱ्याची पिसे आणि सर्पविष यांना कलम ४९-अ मधील व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. नैसर्गिकरीत्या गळून पडणारी प्रत्येक वस्तू मुळातच मोकळी असती, तर पिसांसाठी वेगळी सवलत लिहिण्याची गरजच नव्हती. अशी सवलत अंबराला दिलेली नाही.

यामागे तर्क आहे. अंबराचा गोळा किनाऱ्यावर सापडला की मारलेल्या प्राण्याच्या आंत्रातून काढला, हे तो पाहून खात्रीने सांगता येत नाही. बाजार खुला ठेवला की दुसऱ्या मार्गालाही भाव येतो. कस्तुरीचा इतिहास आपल्यापुढे आहे. आपल्या औषधांच्या मागणीचाही त्या मृगाच्या ऱ्हासात वाटा होता, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

वैद्याला काही सूट आहे काय?

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३३ ईईसी मध्ये वैद्य व हकीम यांना आपल्या स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करण्यास निर्मिती परवान्याच्या अटीतून मुक्त ठेवले आहे. या सवलतीचा अर्थ इतकाच की अशा निर्मितीसाठी परवाना लागत नाही. ती कोणते द्रव्य वापरावे याची मोकळीक देत नाही. एखादा कल्प त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथात असला, तरी त्यातील घटक वन्यजीव कायद्याने निषिद्ध असेल तर तो निषिद्धच राहतो. दोन कायदे स्वतंत्र आहेत आणि एकाची सवलत दुसऱ्याला लागू पडत नाही.

जुन्या संग्रहाचा प्रश्न

आमच्या गुरुजींच्या निधनानंतर त्यांच्या शिसवी पेटीत इतर द्रव्यांबरोबर एक बुचाची छोटी बाटली निघाली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘अंबर अशहब’ असे लिहिले होते. आत चार-सहा गुंजा करडे खडे. त्यांच्या चिरंजीवांनी ती आठवण म्हणून आम्हाला देऊ केली. हात पुढे झाला होता, पण आम्ही तो मागे घेतला. अशी वस्तू ‘भेट’ म्हणून स्वीकारणे हेही कायद्याने हस्तांतरणच आहे. आमच्या सांगण्यावरून त्यांनी वकिलांमार्फत वनखात्याला लेखी कळवून ती बाटली स्वाधीन केली. गुरुजींच्या हस्ताक्षराचा तो कागद तेवढा आज आमच्याकडे आहे.

आपल्या जिल्ह्यात पिढीजात वैद्यक चालविणारी अनेक घराणी आहेत. त्यांच्याकडे अशा बाटल्या असण्याचा संभव आहे. त्या फेकून देणे, जाळणे किंवा गुपचूप दुसऱ्याला देणे यांपैकी काहीही करू नये. प्रथम कायदेतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा व त्यानुसार वनविभागाच्या कार्यालयाशी लेखी संपर्क साधावा. शासनाच्या मालकीची ठरणारी अशी वस्तू हाती आल्यास ४८ तासांत नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे कळविण्याचे बंधन कलम ३९ मध्ये आहे. कोकणात सहलीला गेल्यावर किनाऱ्यावर संशयास्पद गोळा दिसला, तरी तो न उचलता कळविणे हेच श्रेयस्कर.

शास्त्राने दाखविलेला मार्ग

मग अंबरावाचून चिकित्सा अडते काय? आमच्या मते मुळीच नाही. दुर्मिळ द्रव्यांचा प्रश्न आपल्या पूर्वसूरींपुढेही होता. भावप्रकाशात अभावप्रतिनिधी द्रव्यांचे विवेचन आहे. कस्तुरी न मिळाल्यास कंकोळ घ्यावे, मोत्याऐवजी मोत्याची शिंप घ्यावी, असे मार्ग तेथे दिले आहेत. त्याबरोबर एक महत्त्वाचा दंडकही आहे. योगात जे द्रव्य अप्रधान असेल त्याचाच प्रतिनिधी घ्यावा, प्रधान द्रव्याचा घेऊ नये.

हा दंडक लावला की मार्ग स्वच्छ दिसतो. जवाहरमोहऱ्यात अनेक घटकांपैकी अंबर हा एक घटक आहे. त्याच्या अभावी मोती, माणिक्य, कहरवा यांचे हृद्य कार्य नाहीसे होत नाही. म्हणून असे कल्प अंबराशिवाय तयार करावेत व लेबलवर तसे स्पष्ट नमूद करावे. ज्या योगात अंबर हेच प्रधान द्रव्य आहे, तो योग मात्र बाजूला ठेवून रुग्णाच्या दोषदूष्याचा विचार करून दुसरा कल्प निवडावा. हृद्दौर्बल्यात अर्जुन, वातप्रधान मनोविकारांत तगर, सुगंधी व उत्तेजक कार्यासाठी लताकस्तुरी ही आपल्या हाताशी असलेली द्रव्ये आहेत.

प्रतिनिधी निवडताना एका संरक्षित द्रव्याच्या जागी दुसरे संरक्षित द्रव्य येणार नाही, याचीही काळजी घ्यावी. कुष्ठ सायटिसच्या परिशिष्ट १ मध्ये व जटामांसी परिशिष्ट २ मध्ये आहे. ही द्रव्ये परदेशी पाठविताना कागदपत्रे लागतात व ती घेतानाही लागवडीचा, अधिकृत माल पाहूनच घ्यावा. सुगंधासाठी वापरले जाणारे कृत्रिम अंबरगंधी द्रव्य एका प्रकारच्या सेज वनस्पतीतील घटकापासून तयार होते. ते अत्तरासाठी ठीक आहे. औषधात मात्र केवळ गंधसाम्यावरून ते घालू नये, कारण गंध म्हणजे गुणकर्म नव्हे.

आपल्याच नगरीत वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी औषधिगुणधर्मशास्त्र लिहून मराठी वैद्याला कल्पांच्या गुणधर्मांचा विचार करावयास शिकविले. प्रतिनिधी द्रव्य योजताना त्याच विचाराची कसोटी लागते.

व्यवहारातील सूचना

१) चिठ्ठीवर ‘अंबर’, ‘अंबरयुक्त’ असे लिहू नये व रुग्णाला तोंडीही सुचवू नये. तृणकांत अभिप्रेत असल्यास ‘कहरवा’ असेच लिहावे.

२) तयार औषध घेताना लेबलवरील घटकांची यादी वाचावी. अंबर नमूद असल्यास विक्रेत्याला लेखी विचारणा करावी व समाधान होईपर्यंत माल घेऊ नये.

३) नातेवाईक परदेशातून अंबर, देवमाशाचे तेल, हाड वा दात आणण्याविषयी विचारतील, तर स्पष्ट नकार द्यावा.

४) परदेशी जाणाऱ्या रुग्णास दिलेल्या औषधांची घटकांसह स्वाक्षरीची यादी द्यावी.

५) समुद्रफेन हे देवमाशाचे द्रव्य नसून माकूळवर्गीय प्राण्याचे कवच आहे. नावातील सादृश्यावरून घाबरून जाऊ नये, पण खरेदीची पावती जपून ठेवावी.

उपसंहार

श्रीगोंद्याचे ते वृद्ध गृहस्थ अंबराशिवायच्या जवाहरमोहऱ्यावर व अर्जुनावर पुढे बरे राहिले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण आम्हाला त्यातून एक गोष्ट उमगली. चिठ्ठीवर आपण जे लिहितो, ते मिळविण्यासाठी रुग्णाचे आप्त जिवाचे रान करतात. आपल्यासाठी तो एक शब्द असतो. त्यांच्यासाठी ती आज्ञा असते. म्हणून जो शब्द पाळताना त्यांना गुन्हा करावा लागेल, तो शब्द लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. आम्ही तो एकदा लिहिला होता. आपल्यापैकी कोणाकडून तो पुन्हा लिहिला जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.